ट्यूबचं गणित आणि कॅनॉलचं पाणी

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं, की हॉस्टेलवर दोनच चौकशा सुरू होतात : ट्रकची ट्यूब कुणाकडे आहे, आणि पंक्चरवाला हवा फुकट भरून देईल का! आमच्या इंदापूरकडची बरीच पोरं ट्यूबवरच पोहायला शिकतात. मीही त्यातलाच. पण आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, म्हणून आधी थोडं गणित करू.

ट्यूबचं घनफळ २π²Rr². ट्रकच्या ट्यूबसाठी R अंदाजे ०.३८ मी. आणि r ०.१२ मी. धरा. उत्तर येतं सुमारे १०८ लिटर. म्हणजे आर्किमिडीजच्या नियमाने ती साधारण १०० किलो पेलते. एकटा माणूस आरामात तरंगेल. पण साठ-साठ किलोचे दोघं 'डबल सीट' बसले, की ट्यूब पाण्याखाली!

मग लाईफ जॅकेट कशाला? पाण्यात माणसाचं वजन जवळजवळ पेललेलंच असतं. तोंड वर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो. जॅकेट तेवढा तर देतंच, शिवाय अंगाला बांधलेलं असतं. ट्यूब हातातून सुटली, की तिचे शंभर किलो आपल्या काय कामाचे?

आता प्रवाह. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा चौरस मीटर अंगावर सेकंदाला १ मी. वेगाचं पाणी साधारण २५ किलोचा रेटा देतं, २ मी. वेगाला तोच १०० किलो होतो. म्हणून कमरेएवढ्या पाण्यातही पाय टिकत नाहीत. त्यात अस्तराच्या कडेला शेवाळ, आणि पुढे गेट नाहीतर सायफन.

लाओसमधल्या वांग व्हिएंग गावात परदेशी पर्यटक अशाच ट्यूबवर नाम साँग नदीतून वाहत जायचे. काठाला दारूचे बार. २०११ साली तिथे वीसहून जास्त जीव गेले, आणि २०१२ मध्ये सरकारने ते बार बंद केले. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं, तेही वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. पण तिथे जॅकेट, हेल्मेट आणि गाईड असतो. लांब कशाला, २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. पाणी ओळखीचं असलं तरी ते ओळख ठेवत नाही.

म्हणून एवढं पाळा :
१) कॅनॉलला पाणी जोरात असताना उतरायचं नाही, ट्यूब असली तरी.
२) विहिरीत किंवा संथ पाण्यात शिकताना पट्टीचा पोहणारा सोबत हवाच. ट्यूबच्या भोकात खाली बसा, कडेवर नको. गुरुत्वमध्य वर गेला की ट्यूब उलटते.
३) वाहून चाललात तर पाठीवर झोपा, पाय पुढे ठेवा आणि तिरकं काठाकडे सरका. प्रवाहाशी झुंजू नका.
४) कुणी बुडत असेल तर मागे उडी टाकू नका. ट्यूबला दोर बांधून फेका.

शेवटचा नियम सगळ्यात मोलाचा. मित्राला वाचवायला गेलेला दुसराही बुडाला, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. दहा मीटर दोराची किंमत एका सिनेमाच्या तिकिटाएवढी. ट्यूब मागताना दोरही मागा!