रक्तातील लोह आणि बाळाचा मेंदू

लोखंडाच्या खिळ्यास ओल्या हवेत गंज चढतो, हे आपण सर्वच जाणतो. आपल्या रक्तातही लोह आहे आणि त्यास रात्रंदिवस प्राणवायूचा सहवास घडतो. मग ते गंजत कसे नाही? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. त्या ओघात आपणांस घरातील कपड्यांच्या ट्रंकेपासून तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत जावे लागेल.

रक्ताचा तांबडा रंग हीमोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. त्याच्या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात. प्रत्येक साखळीच्या घडीत ‘हीम’ नावाचे एक चपटे वलय असते व त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. फुप्फुसात प्राणवायू या लोहाशी जोडला जातो आणि पेशींपाशी पोहोचताच सुटतो. प्रथिनाची घडी लोहास असे जपते की, प्राणवायू जोडला जाऊनही लोहाचे जारण सहसा होत नाही. अशी हीम-प्रथिने इतरही आहेत. चेतापेशींतील न्यूरोग्लोबिनाचा शोध तर 2000 साली लागला. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा मेंदूच वापरतो. म्हणूनच या प्रथिनांची प्रकृती नीट राहणे मेंदूस अत्यंत अगत्याचे असते.

तथापि ही व्यवस्था अगदी निर्दोष नाही. प्राणवायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइडासारखी उग्र द्रव्ये पेशीत सतत थोडीथोडी निर्माण होत असतात. त्यांचे प्रमाण वाढले म्हणजे हीममधील लोहाचे अतिजारण होते, प्रथिनाची घडी मोडते व शेजारचे रेणू एकमेकांस चिकटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक जसा पुन्हा पातळ होत नाही, तशी ही गुठळीही सहसा विरघळत नाही. रक्तपेशीतील अशा गुठळ्यांचे वर्णन हाइन्झ या जर्मन वैद्याने 1890 साली केले. त्यांस आजही ‘हाइन्झ पिंड’ म्हणतात. मेंदूत रक्तस्राव झाला असता फुटलेल्या पेशींतून हीमोग्लोबिन बाहेर सांडते, त्यातील हीम व लोह मोकळे होते आणि आजूबाजूच्या चेतापेशींचे नुकसान पुढे कित्येक दिवस चालू राहते. घडीत बांधलेले लोह उपकारक असते. मोकळे सुटलेले तेच लोह घातक ठरते.

या उग्र द्रव्यांचा समाचार घेण्यासाठी पेशीत ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य असते. ते वापरले गेले की पुन्हा ताजे करावे लागते आणि त्या कामी ‘जी-6-पीडी’ नावाचे विकर साहाय्य करते. इतर पेशी झिजलेली विकरे पुन्हा घडवू शकतात. हे काम रायबोसोम करतात. त्यांची रचना उलगडल्याबद्दल 2009 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस विभागून मिळाले, त्यांपैकी वेंकटरामन रामकृष्णन हे आपल्या बडोद्यात वाढले. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते शिकले. त्यांचे वडील तेथेच जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. परंतु पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत रायबोसोम उरतच नाहीत. जन्मतः मिळालेल्या शिदोरीवरच तिला सुमारे 120 दिवस काढावे लागतात.

काही माणसांत हे विकर जन्मतःच दुर्बल असते. हिवतापावरील प्रायमाक्विन हे औषध घेतल्यावर काहींचे रक्त का फुटते, याचा शोध घेताना 1956 साली अमेरिकन संशोधकांस हा दोष आढळला. जगात 40 कोटींहून अधिक लोकांत तो आहे. आपल्या देशात पारशी समाजात, तसेच गुजरात व महाराष्ट्रातील काही आदिवासी समाजांत तो आढळतो. हा दोष आईकडून मुलाकडे येतो व मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसतो. एरवी अशी माणसे अगदी निरोगी असतात.

आता ट्रंकेकडे वळू. थंडी पडू लागली की आपण दुपटी, स्वेटर व टोपडी बाहेर काढतो. त्यांत नॅप्थॅलीनच्या डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. त्यांची वाफ श्वासावाटे व त्वचेवाटे बाळाच्या अंगात शिरते, आणि तेथे तिच्यापासून जारक द्रव्ये बनतात. विकर दुर्बल असलेल्या बाळाच्या रक्तात गुठळ्या होतात, पेशी फुटतात व हीमपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते. नवजात बाळाचे यकृत ते पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही. कावीळ फार वाढली तर ते मेंदूच्या खोल भागात साचते आणि बहिरेपणा किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते.

सुदैवाने यावर उपाय आहे. प्रकाशाने बिलिरुबिन कमी होते, असे 1958 साली इंग्लंडमधील डॉक्टर क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आज रुग्णालयात निळ्या प्रकाशाखाली बाळावर उपचार होतात. मात्र वेळ दवडता कामा नये. बाळ पिवळे दिसले, सुस्त झाले किंवा दूध ओढीनासे झाले, तर घरगुती उपायांत न गुंतता तत्काळ डॉक्टरांस दाखवावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी लहान भावंड असेल, तर त्याच्या कपड्यांत डांबरगोळ्या मुळीच ठेवू देऊ नका. जुने कपडे आधी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळास घालावेत, एवढे आजीला व आईला अवश्य सांगा. रसायनशास्त्राचा एक धडा घरी उपयोगी पडला, तर त्याहून मोठे गुण ते कोणते?