गोणीभर बोर्ड

सोपारा, ता. वसई
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. भाच्यास,

तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. वालीवच्या भंगारवाल्याकडून व्हिडिओ गेमचे ४२ बोर्ड किलोच्या भावाने उचललेस, हे बरंच केलंस. आणखी चार दिवस तिथे राहिले असते तर सोन्यासाठी कुणीतरी ते ॲसिडात घातले असते. पण तुझा पहिलाच प्रश्न होता, ‘मामा, सप्लाय कुठला लावू?’ तो ऐकून माझा घास घशातच अडकला. सप्लाय आत्ता कुठलाच लावू नकोस. का, ते सांगायला हे पत्र.

टीव्ही दुरुस्तीच्या दिवसांत स्टेशनाजवळच्या एका पार्लरातून मला बोलावणं यायचं. प्लायवूडचा खोका, आत रंगीत टीव्हीची ट्यूब, तळाशी लाकडाला स्क्रूने आवळलेला बोर्ड. रुपयाचं नाणं टाकून पोरं ‘मुस्तफा’ खेळत. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा गेम. पण त्यातल्या मुस्तफावर पोरांचा जीव जडला आणि गेमलाच त्याचं नाव चिकटलं. एका संध्याकाळी, मागे पोरांची रांग लागलेली असताना, मी घाईत कनेक्टर उलटा खुपसला. ‘जामा’ ही जपानी कंपन्यांनी १९८५ मध्ये ठरवलेली जोडणीची पद्धत. तिच्यात ५६ पिना, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. उलटा लागू नये म्हणून सातव्या जागी अडसर असतो, तो आधीच कुणीतरी काढून टाकलेला. उलटा बसल्यावर सहाव्या पिनेचे १२ व्होल्ट थेट तेविसाव्या पिनेवर गेले, म्हणजे दुसऱ्या बटणावर. चूक कळल्यावर कनेक्टर सरळ केला. चित्र आलं, आवाज आला, पण मुस्तफा उडीच मारेना! इनपुटचा आयसी उडाला होता. त्या दिवशीची मजुरी गेली आणि वर नव्या आयसीसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची एक खेप पडली.

तेव्हा आधी वही घे. प्रत्येक बोर्डाला नंबर दे, दोन्ही बाजूंचे फोटो काढ. कुठला आयसी नाही, कुठे जोडतार टाकली आहे, कुठल्या चिपवर काय चिकटवलंय, सगळं लिही. तुला हे कारकुनी वाटेल. पण १८८२ साली आपल्याच गावचा बुरुड राजाचा कोट, म्हणजे जुना बौद्ध स्तूप, भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक करंडे निघाले आणि सोन्याच्या करंड्यात होती भिक्षापात्राची खापरं. टिपणं नसती तर ती खापरं म्हणजे नुसता कचराच. तुझ्या गोणीतल्या तुकड्यांचंही तेच.

लिहिताना बोर्डांचे ढीग आपोआप पडतील. ज्यांना कुणी हात लावलेला नाही ते वेगळे ठेव आणि तिथूनच सुरुवात कर. ज्यांवर जुन्या डाखाचे काळे फोड आणि करपलेले ट्रॅक दिसतील ते सर्वांत शेवटी. बोर्ड मुळात एका कारणाने बिघडतो. चार मेकॅनिकांनी हात मारला की पाच कारणं होतात. त्या चारांत कधी कधी मीही होतो, म्हणून खात्रीने सांगतो. ज्यांच्या चिपा कुणी काढून नेल्यात ते सुट्या भागांसाठी. पण त्यांचीही नोंद हवीच.

नोंद झाली की बॅटऱ्या बघ. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून भोवती हिरवट-पांढरा पापुद्रा धरलेला असेल, तर ती ताबडतोब काप. तो रस अल्कलीचा असतो, ट्रॅक खात पुढे सरकतो. तिथे कापसाने पांढरा व्हिनेगर लाव, फसफसणं थांबलं की धू. मात्र प्लास्टिकच्या डब्यातले कॅपकॉमचे सीपीएस-२ बोर्ड निघाले तर त्यांना हात लावू नकोस. त्यांच्यात गेम उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या जोरावर जिवंत असते. बॅटरी मेली की किल्ली गेली आणि बोर्ड मुका. इतक्या वर्षांनी बहुधा मेलीच असेल. आता ती किल्ली परत भरता येते, पण ते काम माझ्या समोर बसून करायचं.

धुण्याबद्दल दोन मतं आहेत. काही जण बोर्डाला पाण्याचा थेंब लागू देत नाहीत. मी धुतो. पंधरा-वीस वर्षांच्या धुळीत आपल्याकडची खारी हवा मुरली की तो लेप ओल धरतो आणि पिनांना गंज चढवतो. कोरड्या ब्रशने तो निघत नाही. आधी पंखा आणि सॉकेटमधल्या चिपा काढ. कुठली चिप कुठे आणि खाच कुठल्या बाजूला, ते वहीत लिहून मगच काढ. मग भांड्यांचा सौम्य साबण आणि जुना टूथब्रश. शेवटचं खळबळणं मात्र विहिरीच्या पाण्याने नको. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी खाऱ्या होत चालल्यात. ते पाणी वाळलं की मीठ बोर्डावरच राहतं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, तो आण. थिनर चुकूनही वापरू नकोस, प्लास्टिकचे सॉकेट वितळतात.

वाळवणं मात्र सुकेळ्यांसारखं, दिवसच्या दिवस. आगाशीची बाई राजेळी केळी उन्हात टाकते आणि मधेच उचलत नाही, तसाच धीर धर. फरक एवढाच की तुझं वाळवण सावलीत, पंख्याखाली. गेमचा प्रोग्राम ज्यात असतो त्या ईप्रॉमच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि त्यातून अतिनील किरण गेले की आतलं पुसलं जातं. थेट उन्हात साधारण आठवड्याभरात चिप कोरी होऊ शकते. खिडकीवरचा स्टिकर निघाला असेल तर आधी काळी टेप लाव. सॉकेटखालची ओल लवकर जात नाही, म्हणून तीन दिवस तरी थांब.

कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने आणि स्पिरिटने पूस. सँडपेपर लावलास तर सोनं जाईल आणि खालचं तांबं महिन्याभरात काळं पडेल. चिपांचे पाय काळे असतील तर चालतं, ती चांदीवरची काजळी असते. तांबूस गंज असेल तर सावध. असा पाय सॉकेटमध्येच तुटून राहतो आणि बाहेरून चिप ठाकठीक दिसते.

आता वीज. आधी मीटरने पाच व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोज. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. बहुतेक वेळा एखादा कपॅसिटरच बसलेला असतो. शॉर्ट नसेल तर सप्लाय लाव आणि व्होल्टेज सप्लायवर नाही, बोर्डावरच्या चिपेच्या पायावर मोज. वायर बारीक असली की सप्लायवर ५ दिसतात आणि चिपेपाशी ४.६ पोचतात, तेवढ्यावर बोर्ड सारखा रीसेट होत राहतो आणि आपण उगाच चिपा बदलत बसतो. ४.७५ ते ५.२५ ही मर्यादा, माझा कल ५ च्या किंचित वर ठेवण्याचा.

चित्र आलं नाही तर लॉजिक प्रोब घे. झेड-८० प्रोसेसर असेल तर सहाव्या पायावर घड्याळाचे ठोके हवेत आणि सव्विसावा, रीसेटचा पाय वर राहायला हवा. तो ठरावीक अंतराने खाली-वर होत असेल तर वॉचडॉग भुंकतोय असं समज. प्रोग्रामने त्याला मधूनमधून थोपटायचं असतं. प्रोग्राम वाटेत अडकला की तो सगळ्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर आणतो. प्रोसेसर मेला असला तरी हेच दिसतं, पण आधी संशय इतरांवर घ्यायचा. रॅम, ईप्रॉम किंवा मधला एखादा बफर आयसी शोधायचा. बोट लाव, एखादी चिप चटका देत असेल तर अर्धं काम झालं. ईप्रॉम रीडरवर वाचून बेरीज जुळवून बघ. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम या प्रकल्पात हजारो गेमांच्या चिपांचे आकडे नोंदलेले आहेत. आमच्या वेळी असं काहीच नव्हतं. शंका आली की दुसऱ्या बोर्डाची चिप काढून लावायची, आणि त्या नादात चांगला बोर्डही मरायचा.

४२ पैकी किती चालतील असं विचारलं होतंस. आकडा सांगत नाही. सांगितला तर तो गाठायला तू घाई करशील. जे चालतील त्यावर काय दुरुस्त केलं ते चिठ्ठीवर लिहून मगच विक. मुस्तफाचे बरेच बोर्ड नकली असतात. नकली असेल तर नकली म्हणून विक, घेणारे घेतात. जे अगदी गेले, ते पुन्हा भंगारवाल्याला देऊ नकोस. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच दे. आणि डाखात शिसं असतं. काम करून तसाच वडापाव खायला बसू नकोस, आधी साबणाने हात धू.

रविवारी दुपारी ये. या खेपेला बोर्ड एकही आणू नकोस, फक्त वही आण. ताईला नमस्कार सांग, आणि वाटेत आगाशीची सुकेळी दिसली तर अर्धा किलो घे, पैसे मी देईन.

तुझा,
मामा