वडाखालची पांढरी गाडी

दुपारचे दोन वाजले होते. बक्षिसं वाटून झाली होती, पिठलं-भाकरीची शेवटची पंगत उठली होती आणि मंडपवाल्याची पोरं कनाती सोडत होती. पार्किंगसाठी घेतलेल्या वावरात वडाखाली एक पांढरी गाडी तेवढी उभी होती. मंडपवाल्यानेच विचारलं, “ही कुणाची हो? टेम्पो आत घ्यायचाय.” आम्ही सात जण एकमेकांकडे बघत राहिलो. गाडी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. म्हणजे ती धावायला आलेल्या कुणाची तरी होती आणि ते माणूस अजून डोंगरात होतं.

डोंगरवाटेवर शर्यत घ्यायचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यातही गेलेल्या मित्राच्या आठवणीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्या मित्राला आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण आम्हाला धावायला त्यांनीच शिकवलं. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची टेकड्यांमागून टेकड्यांची वाट त्यांच्यामुळे आमच्या पायांखालची झाली. आमच्यात सगळ्यांत दमदार तेच, पण धावायचे कायम शेवटी. “पुढचे आपोआप पोचतात, मागचा पोचवावा लागतो,” असं म्हणायचे.

मार्चमधल्या एका रविवारी आतकरवाडीच्या वाटेने गड करून आम्ही खाली उतरलो आणि बुटाची नाडी सोडता सोडता मास्तर आडवे झाले. पंधरा दिवस छाती जड वाटते म्हणत होते. त्याला तेही पित्त म्हणत होते आणि आम्हीही. आम्ही नऊ जण होतो, पण सीपीआर एकालाही येत नव्हता. तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळले, गाडीत घालून निघालो. काही उपयोग झाला नाही.

नंतर मी वाचत गेलो. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख जणांचा अभ्यास झाला आहे. त्यांत हृदय बंद पडण्याच्या घटना 59 घडल्या, म्हणजे सुमारे 1 लाख 84 हजारांत एक. त्या 59 पैकी 42 जण गेले. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांची छाती जवळच्या माणसाने तिथल्या तिथे दाबायला घेतली होती. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती पाच-सहा सेंटीमीटर खाली जाईल इतक्या जोराने, मदत येईपर्यंत न थांबता. दोन-तीन तासांत कुणीही शिकू शकेल अशी ही गोष्ट. शर्यतीचं पहिलं पोस्टर छापण्याआधी तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाला ती आली पाहिजे. मास्तरांच्या आठवणीतल्या आमच्या शर्यतीच्या पहिल्या वर्षी ती चौघांनाच येत होती आणि चौघेही फिनिशपाशी उभे होते.

आमची खरी चूक मात्र तारखेची. मास्तरांच्या वर्षश्राद्धाच्या जवळचा रविवार धरायचा हे आम्ही एका बैठकीत, डोळे पुसत, पाच मिनिटांत ठरवलं. कुणी हरकत घेतली नाही, कारण घेणार कशी? पण मार्चचा तिसरा आठवडा म्हणजे सह्याद्रीत ओढे आटलेले, गवत वाळून कोळ, वणव्याचे दिवस, आणि दहा वाजल्यापासून कातळ तापायला लागतो. त्या दिवशी दुपारी पारा 36 च्या वर गेला. सपाटीवर 42 किलोमीटर चार-पाच तासांत संपवणारा माणूस तेवढ्याच अंतरात 1,900 मीटरची चढाई असली की सात-आठ तास घेतो, हे आम्हाला कागदावर ठाऊक होतं. सकाळी साडेसहाला शर्यत सोडली तर मागचे लोक ऐन उन्हात कुठे असतील, हे त्याच कागदावर मांडायचं सुचलं नाही. डोंगराची तारीख डोंगराला विचारून ठरवायची असते. पावसाचा निसरडेपणा गेल्यावर आणि ऊन चढायच्या आत, म्हणजे आमच्या भागात डिसेंबर-जानेवारी. सुटायचं साडेपाचला, डोक्याला दिवा बांधून.

वाटेच्या खुणांचं तसंच. आदल्या दिवशी आम्ही फक्कीने बाण मारले आणि करवंदीच्या जाळ्यांना केशरी रिबिनी बांधल्या. संध्याकाळी गुरं त्याच वाटेने परतली आणि फक्की खुरांखाली गेली. रिबिनींचं काय झालं ते मला आठवड्याने कळलं. वाडीतल्या एका पोराच्या सायकलच्या हँडलला त्या झुपकेदार बांधलेल्या होत्या आणि शेजारच्या गोठ्यात एका खोंडाच्या शिंगांनाही. जत्रांचे दिवस जवळ आलेले, पोरांना फुकटची सजावट मिळाली. त्यांचं काय चुकलं? आम्ही वन विभागाचं पत्र घेतलं, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेतला. पण ज्या वाड्यांच्या अंगणातून वाट जाते तिथे जाऊन चहा प्यायलो नाही, रिबिनी कशासाठी हे सांगितलं नाही.

सह्याद्रीत माणूस हरवतो तो ढोरवाटांनी. माणसाच्या वाटेइतकीच मळलेली, कधी तिच्याहून रुंद, पण गुरांना पाण्यावर किंवा चरायला नेणारी. पन्नास पावलं गेल्यावरही शंका येत नाही. म्हणून जिथे ढोरवाट फुटते त्या प्रत्येक फाट्यावर रिबिनीच्या भरवशावर न राहता माणूस बसवायचा, जमल्यास त्याच वाडीतला, रोजगार देऊन. चुकीच्या वाटेवर काटक्या आडव्या टाकायच्या. आणि शर्यत सुटण्याआधी तासभर एकाने सगळ्या खुणा बघत पुढे जायचं. पाच-सहा टप्पे पाडून माणसं वाटून घेतली की हे जमतं.

आता नोंदीच्या वहीबद्दल. वाटेवरच्या चौथ्या चौकीवर आमचा एक उत्साही कार्यकर्ता होता. येणाऱ्या प्रत्येक धावपटूमागे तो रेघ मारत होता. चार उभ्या, एक आडवी, अशा पाचाच्या जुड्या. अक्षर सुंदर, एकही खाडाखोड नाही. पंचवीस जुड्या आणि वर एक रेघ, म्हणजे 126. फिनिशवर 119 जणांची नोंद होती. सुटताना किती होते? बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, 140 वाटलेले, पण काही जण आलेच नव्हते. दमून सोडून दिलेले काही जण जीपने खाली आले आणि परस्पर घरी गेले. पंचवीस जुड्या नि एका रेघेतून कोण आलं, कोण नाही, हे सांगणार कसं? त्या वहीकडे बघत मी मांडवात उभा होतो तेव्हा माझे हात थंड पडले होते.

शेवटी नोंदणीची यादी सात जणांत वाटली आणि एकेकाला फोन लावत सुटलो. पावणेतीनला एक नंबर लागेना. बावन्न वर्षांच्या एक ताई, एकट्याच गाडी घेऊन आलेल्या. ‘तातडीच्या वेळी संपर्क’ या रकान्यात पाहिलं तर त्यांनी स्वतःचाच मोबाईल नंबर लिहिलेला. नंतर सगळे अर्ज तपासले तेव्हा असे अकरा जण निघाले. हा रकाना भरणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. घरच्या माणसाचा नंबर आहे ना, हे बिब देताना समोर विचारा.

ताई सापडल्या चार वाजता, तेही आम्हाला नाही. फाट्यावरून ढोरवाटेने त्या एका कोरड्या ओढ्यात उतरल्या होत्या. पाय मुरगळला, पाणी संपलं, मोबाईलला रेंज नव्हती. शेरडं घेऊन निघालेल्या एका धनगर बाबांचं कुत्रं जांभळीखाली भुंकत थांबलं म्हणून ते वळून बघायला गेले. ताई बरळत होत्या. बाबांनी आपलं उपरणं बुधलीतल्या पाण्यात भिजवून त्यांच्या डोक्यावर, मानेवर ठेवलं, घोटघोट पाणी दिलं आणि नातवाला रेंज मिळते त्या टेपाडावर पिटाळलं. बिबवर आमचा नंबर होता. तो छापायचं आम्हाला सुचलं नव्हतं, छापखानेवाल्याने सुचवलं होतं.

ताई बऱ्या झाल्या. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

मग मी दुसऱ्या एका शर्यतीबद्दल वाचलं. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली होती. 172 जण सुटले. दुपारच्या सुमारास डोंगरमाथ्यावर गारा, बर्फगार पाऊस आणि वादळी वारा आला. बहुतेकांच्या अंगावर अर्धी चड्डी नि बनियनवजा शर्ट. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकीमधला सगळ्यांत अवघड चढ असा होता की तिथे गाडी पोचत नव्हती आणि निवाराही नव्हता. 21 धावपटू गारठून गेले, त्यांत चीनचे नामांकित धावपटू होते. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने आपल्या गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवलं. तिथे थंडी होती, आमच्याकडे ऊन होतं. पण नकाशावरचा ‘गाडी जात नाही’ एवढा तुकडा आम्हीही तसाच मोकळा ठेवला होता. हे वाचल्यापासून त्या मेंढपाळाचा आणि आमच्या बाबांचा चेहरा माझ्या मनात एकच झाला आहे.

आता आम्ही नकाशा घेतो आणि आधी तेच तुकडे रंगवतो. त्या प्रत्येक तुकड्यासाठी तिथून डांबरी रस्त्यापर्यंत माणूस उचलून आणायला किती वेळ लागेल ते प्रत्यक्ष करून बघतो, स्ट्रेचरवर सत्तर किलोंची पोती बांधून. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन किलोमीटरला आठ जणांना दीड तास लागला. पायथ्याला 108 ची रुग्णवाहिका उभी असली तरी हा दीड तास तुमचाच आहे. त्यामुळे उष्माघाताचा उपचार वरच व्हायला हवा. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर जाऊन माणूस बरळायला, झोकांड्या खायला लागला की आधी थंड करायचं, मग हलवायचं. हातात जेमतेम अर्धा तास असतो. आम्ही वरच्या दोन चौक्यांवर ताडपत्री, पाण्याचे कॅन आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फ ठेवतो. माणसाला ताडपत्रीत झोपवायचं, चौघांनी कोपरे उचलून धरायचे, पाणी नि बर्फ ओतायचा, हलवत राहायचं.

पाण्याचाही अतिरेक नको. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेलं आढळलं आणि पाणी जास्त पिऊन वजन वाढलेल्यांत ते प्रमाण मोठं होतं. “प्या, प्या” म्हणून मागे लागू नका. तहान लागेल तसं पिऊ द्या, सोबत मीठ-साखरेचं पाणी, खारे दाणे, चिंचेची गोळी ठेवा.

आग्या मोहोळाची पाहणी आठ दिवस आधी करा आणि पोळं असेल तर वाट वळवा. मधमाश्या बिथरतील असं काही, धूर, फटाके, कड्याजवळ ड्रोन, चालू देऊ नका. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, पाय हलू न देता उचलून न्या, आणि सर्पविषावरचं औषध जवळ कुठल्या दवाखान्यात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. राज्य शासनाचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं आहे, त्यातल्या नोंदणीच्या अटी वाचा. पैशांबद्दल एवढंच सांगतो की खातं कुणाच्या एकट्याच्या नावावर नको आणि हिशेब महिन्याच्या आत सगळ्यांपुढे मांडा. आठवणीच्या नावाने गोळा केलेल्या पैशाभोवती शंका फिरली की ती गेलेल्या माणसाला चिकटते.

आणि घरच्यांना विचारा. पहिल्या वर्षी टी-शर्टवर आम्ही मास्तरांचा फोटो छापला, त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, न विचारता. त्यांना आवडेल असं धरून चाललो. शर्यतीनंतर टेम्पोच्या ड्रायव्हरने एका टाकलेल्या टी-शर्टने काच पुसली. वहिनी तिथेच उभ्या होत्या. काही न बोलता त्यांनी तो मागून घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला.

आठवड्याने आम्ही त्यांच्याकडे गेलो. पुढच्या वर्षी शर्यत घ्यायचीच नाही, असं सांगायला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवला. मग म्हणाल्या, “श्राद्ध आम्ही घरी करतो, ते आमचं आम्हाला पुरतं. तुम्ही थंडीत घ्या. फोटो नको. आणि मागे कोण राहणार, ते आधी ठरवा.”

दुसऱ्या वर्षी जानेवारीत 96 जण सुटले. प्रत्येक चौकीवर बिब नंबर आणि वेळ लिहायची वही होती. शर्यत सोडणाऱ्याने बिब परत दिल्याशिवाय त्याला जीपमध्ये बसू द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. प्रत्येकाजवळ लिटरभर पाणी, शिट्टी आणि चार्ज केलेला मोबाईल आहे का, हे सुटतानाच तपासलं. सगळ्यांच्या मागे दोघं होते, एकाकडे यादी आणि दुसऱ्याकडे वॉकीटॉकी. ताई चुकल्या त्या फाट्यावर धनगर बाबांचा नातू बसला होता.

बक्षिसं द्यायला वहिनींनी नकार दिला. फिनिशची वही मात्र मागून घेतली आणि सकाळपासून खुर्ची हलवली नाही. एक वाजून बारा मिनिटांनी शेवटची धावपटू आली आणि तिच्या मागोमाग आमचे ते दोघं. वहिनींनी नंबर लिहिला, वेळ लिहिली. मग पहिल्या पानापासून एकेका ओळीवर बोट ठेवत 96 नावं पुन्हा मोजली. मंडपवाला कडेला उभा होता. वही मिटून त्या त्याला म्हणाल्या, “आता सोडा.”