आधी विचारा, मुंबईचा कुठला विमानतळ?

नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला, तेव्हा आम्हा भिसेगावकरांना आनंदच झाला. चौकवरून पनवेल गाठलं की आलाच. त्याच विमानतळावर उतरून आमचं मस्कतचं विमान हुकलं, आणि ते एका तिकीट एजंटामुळे.

नागपूरला भाचीचं लग्न उरकून आम्ही दोघं परस्पर मस्कतला लेकीकडे निघणार होतो. एजंट म्हणाला, "काका, नागपूर-मुंबई दीड तास, मध्ये तीन तास मोकळे, पुढे मस्कत सव्वा तास." तीन तास पुरतील ना, हे मी पुन्हापुन्हा विचारलं. "आरामात!" व्हॉट्सअॅपवर त्याने वेळा पाठवल्या, त्यात दोन्हीकडे नुसतं 'मुंबई'. खरी तिकिटं हातात पडली ती निघायच्या सकाळी, लग्नघराच्या गडबडीत.

विमान उतरताना 'नवी मुंबई'ची घोषणा झाली आणि हिने माझा दंडच धरला. पुढचं विमान सहारच्या जुन्या विमानतळावरून होतं. बॅगा पट्ट्यावर येईस्तोवर पाच वाजून गेले. टॅक्सीवाला म्हणाला, "आत्ता सहार? दोन तास धरा." वाशीच्या खाडीपुलावरून एजंटाला फोन लावला. तो म्हणतो, "दोन्ही मुंबईच ना काका! अंतर पंचवीस किलोमीटर." पंचवीस सरळ रेषेत! रस्त्याने पस्तीस-चाळीस, तेही मानखुर्द-चेंबूरच्या संध्याकाळच्या गर्दीतून. त्यानंतर साहेबांनी फोनच उचलला नाही. सहारला पोचलो तेव्हा काउंटर बंद झाला होता. साठीच्या माणसांना असं वाऱ्यावर सोडताना त्याला काहीच वाटलं नाही, हे मला अजून पचत नाही.

म्हणून सांगतो. तिकिटावर तीन अक्षरं असतात ती बघा: सहार-सांताक्रूझ म्हणजे बीओएम, नवी मुंबई म्हणजे एनएमआय. गोव्यालाही तेच, पेडण्याचं मोपा वेगळं आणि वास्कोजवळचं दाबोळी वेगळं. सुटण्या-पोचण्याच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून एजंटाला सव्वा तास दिसला. प्रवास पावणेतीन तासांच्या आसपासचा. नागपूरचा दीड तासही गेटपासून गेटपर्यंतचा, सामान मिळेपर्यंतचा नव्हे. विमान सुटण्याच्या किमान तासभर आधी काउंटर बंद होतो, तेवढा वेळ हिशेबातून आधीच वजा करा.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन विमानांचं तिकीट एकाच पीएनआरवर घ्या. आमचे पीएनआर वेगळे होते, त्यामुळे पहिल्या कंपनीचा दुसरीशी संबंध नाही आणि दुसरीने आम्हाला सरळ गैरहजर धरलं. घरून वेळेवर निघा, कागदपत्रं जवळ ठेवा, हे तर आहेच.

आणखी एक. विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं. एजंटाने आम्हाला "काही मिळत नाही" असं सांगितलं होतं. ती रक्कम मी भांडून मिळवली. बाकीच्यासाठी अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. 'मुंबई' लिहिलेला तो व्हॉट्सअॅप संदेश मी छापून अर्जाला जोडला आहे.