वाचक मंडळ चालवताना

आठ-दहा जणांनी महिन्यातून एकदा जमून एका पुस्तकावर बोलायचे, एवढ्यावर वाचक मंडळ उभे राहते. महाराष्ट्रात वाचनासाठी एकत्र येण्याची रीत जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्थांना इमारत असते, घटना असते, ग्रंथपाल असतो. घरगुती मंडळाला यांतले काहीच नसते. त्यामुळे जागा बदलली, माणसे पांगली किंवा पुस्तके मिळेनाशी झाली की सारे मंडळच डळमळते. ‘या महिन्यात राहू द्या’ असे दोनदा म्हटले जाते आणि तिसऱ्या महिन्यात कोणी विचारतही नाही. बहुतेक मंडळे अशीच संपतात.

म्हणून पहिल्याच बैठकीत दिवस पक्का करावा आणि तो वाराने करावा: दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. ‘सर्वांच्या सोयीने’ ठरणारी तारीख दर महिन्याला नव्याने ठरवावी लागते आणि त्या चर्चेतच संयोजकाचा उत्साह आटतो. चारच जण येणार असले तरी बैठक घ्यावी. काही महिने मुळातच अवघड असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी परीक्षा, मे महिन्यात माणसे गावी, भाद्रपदात गणपती. अशा महिन्यांत कादंबरी न ठेवता एखादी कथा बैठकीतच वाचावी. दिवाळीनंतरचे दोन महिने अंकांसाठी ठेवावेत. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाच्या वर्षात ती जागा राखीव आहे. वर्गणी काढून अंकांचा एक संच घेतला की सर्वांचे वाचन भागते.

प्रतींचा प्रश्न सर्वांत चिवट असतो. ठरलेल्या पुस्तकाची आवृत्ती संपलेली निघते, ग्रंथालयात एकच प्रत असते, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करूनही हाती काही लागत नाही. मग दोघे वाचतात आणि बाकीचे ऐकतात. असे लागोपाठ दोन-तीन महिने झाले की ऐकणारे गळू लागतात. यावर सर्वांत उपयोगी पडलेली तोड म्हणजे पुस्तकाऐवजी लेखक ठरवणे. व्यंकटेश माडगूळकरांचा महिना ठेवला, तर कोणी ‘बनगरवाडी’ वाचतो, कोणी ‘माणदेशी माणसं’, तर कोणाच्या घरात जुना कथासंग्रहच सापडतो. बोलणे तरीही एका धाग्यावर राहते. उलट लेखकाचा आवाका अधिक नीट दिसतो. दुसरी तोड पुस्तक भिशीची. प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठीत नाव निघेल त्याने त्या पैशांची पुस्तके घ्यायची आणि पुढच्या बैठकीत त्यांतल्या एकावर बोलायचे. वर्षभरात हातोहात फिरणारा छोटा संग्रह तयार होतो. मंडळाच्या फोनवरच्या गटात कोणी पुस्तकाची पीडीएफ टाकली, तर मात्र स्पष्ट नकार द्यावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राखीव असतात. हरि नारायण आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचे लेखन आता मुक्त आहे. हयात लेखकाचे पुस्तक फुकट वाटणे म्हणजे मराठी पुस्तकाच्या तुटपुंज्या विक्रीवरही हात मारणे आहे.

जागेबाबत काही धोके लक्षात ठेवावेत. घराघरांत पाळीने बैठक घेतली की चहाची पोह्यांपर्यंत आणि पोह्यांची बटाटेवड्यांपर्यंत मजल जाते. ज्यांचे घर लहान आहे किंवा ज्यांच्याकडे मदतीला कोणी नाही, त्या बाई आपली पाळी टाळतात आणि पुढे येणेच थांबवतात. चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा आणि तो मोडणाऱ्याला प्रेमाने पण नक्की थांबवावे. सोसायटीचे सभागृह मिळाले तर कमिटी बदलली की परवानगीही बदलते. म्हणून ती लेखी घ्यावी. देवळाचा सभामंडप सहज मिळतो, पण तिथे पाऊल टाकताना कोणाला अवघडल्यासारखे वाटणार असेल, तर ती जागा मंडळासाठी चुकीची. शाळेचा वर्ग किंवा ग्रंथालयाचा कोपरा बरा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मंडळे पडद्यावर गेली. झूमची मोफत बैठक चाळीस मिनिटांत संपते, ही अडचण अनेकांना हिताचीच ठरली. बोलणे मुद्द्याला धरून होऊ लागले. लग्न किंवा नोकरीमुळे दूर गेलेले सभासद परत जोडले गेले. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ, हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, त्यामुळे सुटीच्या दिवशी तिथल्यांनाही जमते. पुढे प्रत्यक्ष बैठका सुरू झाल्यावर खोलीत दहा आणि फोनवर तीन अशी मिश्र बैठक घेण्याचा मोह होतो. ती बहुधा फसते. खोलीतले हसणे फोनवर पोचत नाही आणि फोनवरच्या माणसाला बोलायला फट मिळत नाही. एक महिना प्रत्यक्ष आणि एक महिना पूर्ण पडद्यावर, अशी वाटणी दोघांनाही न्याय देते. दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठांसाठी स्टोरीटेलसारख्या श्राव्य पुस्तकांच्या ॲपवर उपलब्ध असलेले पुस्तक मुद्दाम निवडावे.

चर्चा कशी होते, यावर माणसे टिकणे अवलंबून असते. दया पवारांचे दलित आत्मकथन ‘बलुतं’ (१९७८) ठेवले की एखादा सभासद हमखास दुसऱ्याकडे वळून विचारतो, ‘तुमच्याकडे खरंच असं होतं का हो?’ प्रश्न विचारणाऱ्याला तो आस्थेचा वाटतो; ज्याला विचारला, त्याच्यावर मात्र साऱ्या समाजाच्या वतीने साक्ष देण्याची वेळ येते. तो माणूस पुढच्या महिन्यात कारण न सांगता येत नाही. संयोजकाने तिथेच संभाषण पुस्तकाकडे, पवारांच्या भाषेकडे आणि त्यांनी स्वतःकडे ज्या निर्दयतेने पाहिले त्याकडे वळवावे. अशी पुस्तके टाळू नयेत. सर्वांना आवडणारीच पुस्तके निवडत गेलेले मंडळ गोड होते आणि काही महिन्यांत कंटाळवाणेही. बोलण्याची सुरुवात सर्वांत कमी बोलणाऱ्याने करावी. जाणकाराला शेवटी वेळ द्यावा, कारण त्याने आधी निवाडा दिला की बाकीचे आपले मत गिळतात.

सगळी कामे एकाच हाती असलेले मंडळ त्या व्यक्तीची बदली, आजारपण किंवा थकवा सोसत नाही. दोन संयोजक असावेत आणि दर सहा महिन्यांनी त्यांतला एक बदलावा. एका साध्या वहीत तारीख, पुस्तक, उपस्थिती, जमाखर्च आणि कोणती प्रत कोणाकडे आहे, एवढे लिहावे. वर्गणी कोणाच्या फोनवर जमा होते, हेही त्यात असावे.

कधी कधी मंडळ थांबवणेच योग्य असते: सलग काही बैठकांना तीन-चारच जण असतात आणि नवे कोणी येत नाही. तसा निर्णय शेवटची बैठक बोलावून, उघडपणे घ्यावा. फिरणाऱ्या प्रती परत मागवून त्यांची यादी करावी आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला विचारून, त्यांना हव्या असतील तेवढ्या द्याव्यात. उरलेल्या प्रती सभासदांनी वाटून घ्याव्यात. शिल्लक पैशांचा हिशेब सर्वांना वाचून दाखवावा. वहीही ग्रंथालयाकडे सोपवावी, म्हणजे पुढे त्या भागात कोणी नवे मंडळ काढले तर आधी काय वाचले गेले आणि कोणते पुस्तक कोठे मिळाले, हे त्यांना कळेल.