घटक ५ : बाबूराव अर्नाळकर आणि मराठी रहस्यकथा

५.१ प्रास्ताविक

कोरेगाव येथील एका संपर्कसत्रात नोकरी सांभाळून शिकणाऱ्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते, "ज्या पुस्तकांपायी लहानपणी वडिलांचा मार खाल्ला, तीच पुस्तके आता बी.ए.ला कशी?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लक्षावधी वाचकांनी वाचलेला लेखक वाङ्मयेतिहासात एखाद्या ओळीपुरता का उरतो, हाच या घटकाचा खरा विषय आहे.

५.२ लेखकपरिचय

बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसईजवळच्या अर्नाळा या गावावरून त्यांनी टोपणनाव घेतले. मुंबईत त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. त्यांच्या रहस्यकथांची संख्या एक हजाराहून अधिक असून तिची नोंद गिनीज बुकाने घेतली आहे. या संख्येचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. लेखनाचा काळ पन्नास वर्षांचा धरला, तरी वर्षाला वीस, म्हणजे सरासरी अठरा दिवसांस एक पुस्तक होते. तुलनेसाठी पाहा : अमेरिकन लेखक रेमंड चँडलर यांच्या पूर्ण कादंबऱ्या सात आणि डॅशिएल हॅमेट यांच्या अवघ्या पाच.

मराठीत रहस्यरंजनाची वाट अर्नाळकरांनी प्रथम पाडली असे नव्हे. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष' यांसारख्या कादंबऱ्या आधीच लिहिल्या होत्या. परंतु त्या प्रदीर्घ, आणि त्यांचे वातावरण बहुधा संस्थानी थाटाचे. अर्नाळकरांनी रहस्य मुंबईच्या रस्त्यावर, मोटारीत आणि टेलिफोनवर आणले आणि ते एका बैठकीत संपेल एवढे आटोपशीर केले. वाचनालयातून पुस्तक न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत करावे, या रीतीला हा आकार फार सोयीचा ठरला.

५.३ गुप्तहेर की कायद्याबाहेरचा नायक?

येथे अमेरिकेतील समांतर परंपरा समजून घेणे उपयुक्त ठरेल. हॅमेट हे स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीस होते. पुढे 'ब्लॅक मास्क' या स्वस्त कागदावरील मासिकातून त्यांनी लेखन केले, आणि १९३० साली 'द माल्टीज फाल्कन' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. त्यांचा सॅम स्पेड किंवा १९३९ च्या 'द बिग स्लीप'मधील चँडलरचा फिलिप मार्लो हा मोबदला घेऊन काम करणारा माणूस आहे. त्याला कचेरी आहे, खर्चाचा हिशेब आहे, आणि पोलिसांशी त्याचे पटत नाही.

अर्नाळकरांकडे धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही गुप्तहेरांची जोडी आहेच. तथापि वाचकांनी डोक्यावर घेतले ते झुंजार आणि काळा पहाड यांना. हे दोघे समाजात प्रतिष्ठित म्हणून वावरतात आणि दुर्जनांना लुटतात. झुंजार वाचताना मार्लोपेक्षा लेस्ली चार्टरिस यांचा 'सेंट' आठवतो. परक्या साहित्याचे हे ऋण लपविण्याचे कारण नाही. मात्र येथील वाचकाला नेमका असाच नायक का भावला, हे त्या ऋणाने स्पष्ट होत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर काळात आहे. युद्धकाळातील रेशन, काळाबाजार, साठेबाजी यांनी गांजलेल्या कारकुनाला वा गिरणीकामगाराला न्याय कचेरीत मिळेल असा भरवसा फारसा नव्हता. कायदा न मोडता कायद्याचे काम होत नाही, ही त्याची खंत झुंजार हसतखेळत फेडतो.

५.४ मूल्यमापन

अठरा दिवसांत एक पुस्तक या वेगाची किंमत साहित्याला द्यावी लागते, आणि ती येथे दिसते. योगायोग फार, स्त्रीपात्रे ठोकळेबाज, खलनायक पाहताक्षणी ओळखू येणारा. नायकाच्या मनात द्वंद्व जवळजवळ नाही. मार्लोचा एकटेपणा झुंजारच्या वाट्याला कधी येत नाही. अर्नाळकरांना चँडलरच्या पंक्तीस बसविणे हे आम्हांस कौतुकापेक्षा अन्यायाचेच वाटते. दोघांचे काम वेगळे होते. अर्नाळकरांची भाषा पाहा : लहान वाक्ये, संवादांचा भरणा, वर्णनाला कात्री. नुकत्याच साक्षर झालेल्या माणसालाही ती अडखळवत नाही. शाळेबाहेर वाचनाची सवय लागणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि ती लावणाऱ्याची नोंद समीक्षेने उशिरा घेतली.

पुढील पिढीत पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८-२००३) रहस्यकथेतून सामाजिक कादंबरीकडे वळले. 'दुनियादारी'मुळे त्यांना नवा वाचक लाभला. अर्नाळकरांनी मात्र आपली वाट सोडली नाही.

५.५ उपक्रम

आपल्या गावातील किंवा तालुक्याच्या वाचनालयात जाऊन अर्नाळकरांचे एखादे पुस्तक मिळते का, ते पाहा. मिळाल्यास पहिली दहा पृष्ठे वाचून संवाद व निवेदन यांचे प्रमाण मोजा. न मिळाल्यास ग्रंथपालांना ती पुस्तके केव्हा आणि का काढून टाकली, हे विचारून त्यांचे उत्तर वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या. घरातील साठीपुढच्या व्यक्तीला झुंजारविषयी विचारावयास विसरू नका.