अनघाला, कापलेल्या रेघांबद्दल

सांगली, रविवार

चि. अनघास,


परवा वहिनीचा फोन आला, खुशीत होती. "अनघाचं एकदाचं मार्गी लागलं, वन्सं. फोटोतल्या खालच्या नको त्या रेघा कापून टाकल्या म्हणे, आता पेपर जाईल." रेघा म्हणजे ब्लॉटवरचे बँड, हे वहिनीला ठाऊक नाही. मला आहे, म्हणून झोप उडाली. खरं सांग, कापल्यास का?

ऑस्टिओपॉन्टिन हे तुझं प्रथिन, तुला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. माणसातलं हे प्रथिन 314 अमिनो आम्लांचं, कागदावर वजन साधारण 35 किलोडाल्टन. पण अंगावर फॉस्फेट आणि साखरा, त्यात स्वभाव आम्लधर्मी, त्यामुळे जेलमध्ये ते 44 पासून 75 पर्यंत कुठेही थांबतं. वरचा बँड भलत्या जागी दिसला तरी तू घाबरली नाहीस, कारण पेपरांत तो तसाच छापलेला असतो. मग खालच्यांनी काय घोडं मारलं होतं? थ्रॉम्बिन हे प्रथिन मधेच तोडतं, काही मेटॅलोप्रोटिनेजही तोडतात. तुला दिसले ते तुकडे असतील, किंवा अँटीबॉडी दुसऱ्याच कशाला चिकटत असेल. तुकडे असतील तर तू स्वतःच्या हाताने निष्कर्ष केराच्या टोपलीत टाकलास. आणि दुसरंच काही असेल तर तो वरचा सुंदर बँडही संशयात आला. कापून यातलं काय कळलं?

तू नोएडाच्या सेक्टर 62 मध्ये राहतेस. तिथेच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्स आहे. रोग्याला टोचायच्या लशी, इन्सुलिन, औषधी अँटीबॉडी यांची प्रत तपासणं हे त्यांचं कामच. तुझ्या फ्रीजरमधल्या अँटीबॉडीच्या कुपीवर मात्र 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं. तिची परीक्षा कोणी घेत नाही, तूच घ्यायची. कंपनी ब्लॉकिंग पेप्टाइड पाठवते, ते घातलं की बँड जातो आणि मुलं खूश होतात. त्याने एवढंच ठरतं की अँटीबॉडी त्या पेप्टाइडला धरते. ब्लॉटवर आणखी कोणाला धरते ते कळत नाही. तुझ्या पेशींत एसआय-आरएनए घालून जनुक दाब, मग कोणते बँड फिके पडतात ते बघ. हे जनुक काढलेले उंदीर 1998 पासून आहेत. कोणाकडे त्यांच्या हाडाचा किंवा मूत्रपिंडाचा अर्क मिळाला तर सोनंच. आणि ब्लॉक कशाने करतेस? दुधाच्या पावडरीने करत असशील तर एकदा बदलून बघ. गाईच्या दुधातही ऑस्टिओपॉन्टिन असतं, आणि अँटीबॉडी गाईच्या प्रथिनाला ओळखत असली तर सगळा पडदाच काळा होतो.

पुन्हा तिथेच येते: मूळ फोटो ठेवला आहेस ना? अख्खा, वरपासून खालपर्यंत, मार्करच्या पट्टीसकट?

माझं आयुष्य हिस्टोपॅथॉलॉजीत गेलं. हाडाचा तुकडा आला की सर्जन दारात उभे. मग ईडीटीएमध्ये आठवडे कोण थांबतो? आम्लात टाकायचं, हाड मऊ होतं, रिपोर्ट जातो. तसल्या हाडावर पुढे अँटीबॉडी नीट बसत नाही, म्हणून मला त्या वेळी पुष्कळ शिकायचं होतं. तुझ्या बाबाने पुण्याहून पीएच.डी.चा अर्जही आणून दिला होता. त्याच वर्षी आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि अर्ज कपाटात गेला. आजी काठी घेऊन हिंडायला लागली, तरी मी तो बाहेर काढला नाही. मला कोणी अडवलं नव्हतं, अनू. तुझ्या ब्लॉटची मी इतकी चौकशी का करते हे आता तुला कळलं असेल, आणि कदाचित रागही येईल.

ये, येऊ दे. आपल्या घरात राग येणं नवं नाही, तू तर बाबाच्या वरताण आहेस. पण गाईडसमोर बोलायला घाबरतेस, हेही मला माहीत आहे. तीस-चाळीस हजारांची कुपी संपत आलेली, फेलोशिप तीन-तीन महिने उशिरा, त्यात घरून "पेपर कधी?" ही विचारणा. असं असताना कात्री हाताशी येते. मी कठोर बोलले असेन. तू लबाड नाहीस, दमली आहेस. अख्खा ब्लॉट पुरवणीत दे, खालच्या बँडबद्दल दोन ओळी लिही, आणि गाईडना तूच आधी दाखव. त्या चिडल्या तर चिडू देत. पेपर सहा महिने लांबला तर वहिनीशी मी बोलेन.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मेट्रोने रात्री एकटी येतेस असंही ऐकलं. अकराच्या पुढे जेल लावत जाऊ नकोस, सकाळी लाव. डबेवाल्याची भाजी आवडत नाही म्हणून नुसत्या मॅगीवर राहू नकोस. शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू कुरियरने पाठवले आहेत; लाडू कडू लागले तरी खा, हाडांच्या विद्यार्थिनीने तरी खायला हवेत.

उद्या रात्री फोन कर. बँडबद्दल बोलायचं नसलं तरी चालेल, काय जेवलीस तेवढं सांग.

तुझी,
आत्या